पन्नासावर थांबलेलं पिल्लू

आमच्या घरात खरा कुत्रा कधी आला नाही आणि तो येऊ न देण्याचं सगळं श्रेय माझं आहे. दर दोन-अडीच वर्षांनी ट्रंका भरायच्या, कपबशा जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळायच्या, मुलीचा शाळेचा दाखला काढायचा आणि वर एक भुंकणारा जीव रेल्वेतून न्यायचा, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. नवरा सैन्यात, मी जीवशास्त्र शिकवणारी, मुलगी एकुलती एक. तिघांत दोन मतं कुत्र्याच्या बाजूने पडायची आणि तरी मीच जिंकायची. लोकशाही मी वर्गातही फारशी पाळत नाही.

चंदीगडला आलो तेव्हा पंचकुल्याच्या बाजूला आम्हाला तिसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर मिळालं आणि मला सेक्टर 34 मधल्या एका कोचिंग क्लासात नोकरी. घर लागतंय न लागतंय तोच नवऱ्याची बदली वर झाली. ‘वर’ म्हणजे बर्फात, जिथे कुटुंब नेता येत नाही. आमच्या वसाहतीत नुसतं ‘वर’ म्हटलं तरी सगळ्या बायकांना कळतं, पुढे कुणी काही विचारत नाही.

जाण्याच्या आधीच्या रविवारी त्याने जुन्या लॅपटॉपवर एक जुना गेम टाकला, त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला. त्यात स्क्रीनच्या तळाशी एक तपकिरी पिल्लू हिंडत असतं. त्याला वाडग्यात खाणं घालायचं, चेंडू टाकायचा, माउसचा बाण त्याच्या कानामागे फिरवला की ते डोळे मिटून मान वर करतं. रोज थोडं थोडं वाढतं आणि साधारण वर्षभरात पूर्ण कुत्रा होतं. नाव विचारलं तेव्हा नवऱ्याने नुसतं ‘पिल्लू’ असं टाइप केलं. बापलेक मांडीला मांडी लावून तासभर ते बघत बसले होते. मी ट्रंकेला कुलूप शोधत होते आणि दोघांवरही मनातून चिडले होते, कारण कुलूप शोधायला कुणीच उठत नव्हतं.

“याला मोठा होताना मला बघायचंय हं,” तो मुलीला म्हणाला. “माझ्यासाठी जरा सावकाश वाढव.”

जाणारा माणूस असलं काहीतरी बोलतोच. मी लक्ष दिलं नाही. पण आमच्या घरात बाबांचं म्हणणं ही ऑर्डर असते, आणि साडेसात वर्षांच्या मुलीने ती ऑर्डर घेतली होती.

तीन आठवड्यांनी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. “आई, ये बढ़ गया.”

माझी मुलगी मराठी सगळी समजते, पण बोलते हिंदीत. ‘आई’ आणि ‘बाबा’ तेवढे मराठी, बाकी सगळी शाळेची भाषा. मी फोडणी देत होते. मागे न वळता म्हटलं, “वाढणारच. जिवंत गोष्टी वाढतात. खातं-पितं तर वाढणार नाही का?”

“पर ये तो बाबा का हिस्सा था,” ती म्हणाली. “उनके बिना कैसे बढ़ गया?”

मोहरी जळाली. मी गॅस बंद केला आणि तिच्याबरोबर जाऊन बघितलं. आधी पिल्लाचे कान वाडग्याच्या काठाला लागत असत, आता काठाच्या वर आले होते. एवढंच. तिने स्क्रीनवर पेन्सिल आडवी धरून मापही घेतलं होतं. दोनशे मुलांना मी वाढीची संप्रेरकं शिकवते, आकृत्या काढून, रंगीत खडूंनी. हा प्रश्न त्यांतल्या एकानेही विचारला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की तिला पिल्लाची काळजी नव्हतीच. बाबा नसताना जे जे मोठं होईल ते बाबांचं बुडालं, असा तिचा सरळ हिशोब होता.

मग मी शोधायला लागले. इंटरनेटवर या गेमच्या जुन्या खेळाडूंचा एक कट्टा सापडला. कुणी मांजरीला हत्तीएवढी केली होती, कुणी कुत्र्याचे पाय लांब करून त्याचं हरीण बनवलं होतं. रिकामटेकडे लोक, असं म्हणत मी दीड तास वाचत राहिले. तिथे एका बाईने आकार बदलायची रीत लिहिली होती. बाईच असावी, कारण सगळं स्वयंपाकाच्या कृतीसारखं होतं. आधी गेम बंद करा. प्राण्याची फाइल शोधा. तिची एक प्रत काढून बाजूला ठेवा. मग ती साध्या नोटपॅडमध्ये उघडा, आकाराची ओळ बघा, आकडा बदला, सेव्ह करा. त्या एका ओळीशिवाय कशालाही हात लावू नका.

पिल्लाच्या फाइलीत पुष्कळ न कळणाऱ्या ओळी होत्या. रंग, शेपटीची लांबी, भूक, झोप, सगळ्याला एकेक आकडा. आकाराच्या ओळीत 57 होतं. मुलीने पहिल्या दिवसाचं माप सांगितलं आणि आम्ही अंदाजाने 50 टाकलं. गेम उघडला तर पिल्लू पुन्हा तळहाताएवढं, वाडग्यात नाक खुपसून बसलेलं. मुलीने टाळ्या पिटल्या. मला काय वाटलं ते सांगू का? मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच लाजले. सप्टेंबरची दुपार होती. खाली रस्त्यावर कुणी नव्हतं. तीन आठवडे झालेच नाहीत, असं क्षणभर वाटलं.

मग तो आमचा नेम झाला. रविवारी सकाळी मुलीच्या डोक्याला तेल, मग न्हाणं, मग ओल्या केसांनी लॅपटॉपपुढे बसून पिल्लू पन्नासावर आणायचं. आठवड्यात ते बावन्न-त्रेपन्न व्हायचं, आम्ही परत खाली आणायचो. केस वाळेपर्यंत काम संपलेलं असायचं.

चंदीगडची हवा या खेळाला फार पोषक होती. इथले रस्ते सरळ, चौक गोल, सेक्टरांना आकडे. सकाळी क्लासला जाताना मला कधी कधी वाटायचं, हे शहरही कुणीतरी फाइलीत आकडे भरूनच बनवलंय, झाडांची उंची इतकी, रस्त्यांची रुंदी तितकी. कुठे गल्लीबोळ नाही, कुठे धक्का नाही. कॅपिटॉल कॉम्प्लेक्सकडे जाणाऱ्या सरकारी गाड्या ठरल्या वेळी ठरल्या वळणावर दिसायच्या. मी गाडी चालवत असायचे आणि तरी कुठेही जात नाही असं वाटायचं. सांगलीच्या माणसाला हा भास सहसा होत नाही, आमच्याकडचे रस्ते माणसाला जागं ठेवतात.

पण मुलीचा स्कर्ट मी दिवाळीत एकदा खाली सोडला आणि नाताळात दुसऱ्यांदा. शिवण उसवताना माझा जीव खालीवर व्हायचा. इथे कुठली फाइल उघडायची? दात पडत होते, नवे येत होते. वेणी ती स्वतः घालायला शिकली, वाकडी का होईना. हे सगळं मी एकटीच बघत होते आणि एकटीने बघितलेल्या गोष्टीची मला चोरीच केल्यासारखी टोचणी लागायची.

पिल्लाचंही पूर्ण जमलं नव्हतं. आकार पन्नासावर राहिला, पण वय कुठल्या ओळीत असतं ते त्या बाईने लिहिलं नव्हतं. हळूहळू त्याने चप्पल कुरतडणं सोडलं. भुंकणं जाड झालं. चेंडू टाकला की आधी विचार करायचं, मग उठायचं. एवढंसं अंग आणि आत चांगला पोक्त कुत्रा. मुलीला त्याचं काही वाटत नव्हतं. “दिखता तो छोटा है ना,” ती म्हणायची.

डिसेंबरची रजा रद्द झाली. मग खिंडीतले रस्ते बर्फाने बंद झाले. बुधवारी आणि रविवारी फोन यायचा, पाचएक मिनिटांचा. चित्र नाही, नुसता आवाज, तोही उशिरा पोहोचणारा, त्यामुळे आम्ही सतत एकमेकांच्या बोलण्यावर पडायचो. मुलगी ओरडून सांगायची, “बाबा, पिल्लू उतना ही है!” तिकडून काही क्षणांनी यायचं, “शाब्बास!” कशाबद्दल शाब्बास ते त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. माझ्या वाट्याला शेवटचं अर्धं मिनिट. त्यात तो एकदा म्हणाला, “मराठीत लांबलचक पत्र लिही ना गं. इथे वाचायला मराठी काहीच नाही.” मी म्हटलं, बघू. वेळ कुणाला होता?

जानेवारीत धुकं उतरलं. इथलं धुकं म्हणजे सकाळी घरातून निघावं तर जिन्याच्या पायऱ्या तेवढ्या आपल्या, पुढचं काहीच नाही. गाडीपुढे दहा हात रस्ता, तेवढंच जग. झाडं अचानक येऊन उभी राहायची आणि मागे विरघळायची. मी रोज चाकोरीतल्या रस्त्याने जात होते, म्हणून पोहोचत होते. आणि याच धुक्यात एका बुधवारी फोन आला नाही.

रविवारीही आला नाही. वसाहतीतल्या बायकांच्या ग्रुपवर निरोप फिरला, वरची लाइन बंद आहे, काळजीचं कारण नाही. हे शेवटचं वाक्य मला वाचवेना. काळजीचं कारण नसतं तेव्हा ते कुणी लिहीत नाही. मी मुलीला सांगितलं, बाबांचा फोन आला होता, मी क्लासमध्ये असताना आला, तुला पापा दिलाय. ती म्हणाली, “अच्छा.” गावाहून सासूबाईंचा फोन आला.

“आला का गं फोन?”

“आला की, आई. बरे आहेत.”

“आन् पोरगी? जेवती का नीट?”

“जेवते. तुम्ही काळजी नका करू.”

मीही तेच वाक्य वापरलं. दोन्हीकडे खोटं बोलायला लागले आणि मला ते इतकं सराईतपणे जमलं की माझीच मला भीती वाटली.

फोन हुकला त्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी मला काय सुचलं असेल? मी मराठीत पत्र लिहायला घेतलं. लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड सुरू केला आणि मुलगी शाळेत गेली की क्लासच्या आधी रोज पानभर लिहायचे. पत्र जाणार कसं? डाकही त्याच बंद रस्त्याने जाते. तरी लिहायचे. भाजीवाल्याने पालक म्हणून मेथी कशी दिली, शेजारणीच्या गाजराच्या हलव्यात साखर किती होती, वर्गात ‘मॅडम, हृदयात प्रेम कुठे असतं’ विचारणाऱ्या मुलीला मी कसं उभं केलं. घाबरले आहे, हे एकदाही लिहिलं नाही.

फोन न आलेल्या त्याच रविवारी, न्हाणं झाल्यावर, आम्ही नेहमीप्रमाणे पिल्लाची फाइल उघडली. 53 खोडलं, पन्नास टाकलं, सेव्ह केलं, गेम उघडला. पिल्लू नव्हतं.

वाडगा होता. चेंडू होता. गालिचा होता. पिल्लू नाही. प्रत काढून ठेवायची, हे त्या बाईने पहिल्यांदा सांगितलं होतं आणि सप्टेंबरनंतर मी एकदाही काढली नव्हती. पेपर हातात आला की आधी सूचना वाचा, असं वर्षभर ओरडणारी मी.

तेवढ्यात चेंडू आपोआप गडगडला. वाडग्यातलं खाणं आवाज करत कमी होऊ लागलं. गालिच्यावर एक खळगा पडला, गोल फिरला आणि स्थिर झाला. कोपऱ्यातून ते जाड भुंकणं ऐकू आलं. पिल्लू होतं, पण दिसत नव्हतं. मी फाइल परत उघडली. ओळ जिथल्या तिथे, पन्नासचे पन्नास. बंद केली, उघडली, पंचावन्न टाकलं, साठ टाकलं, पुन्हा पन्नास टाकलं. खळगा तसाच. तासभर मी त्या ओळीकडे बघत होते आणि मला तिच्यात काहीही चूक दिसत नव्हती. शेवटी माझा आवाज चढला. लॅपटॉपवर, गेमवर, त्या कुठल्याशा देशातल्या बाईवर, आणि मुलीवरही, जी माझ्या खांद्यावरून वाकून शांतपणे बघत होती.

“रहने दो, आई,” ती म्हणाली. “है तो सही.”

आणि ती खरंच त्याच्याशी खेळायला बसली. न दिसणाऱ्या पिल्लाला चेंडू टाकायचा, तो गडगडत परत यायचा. कानामागे खाजवायला बाण नेमका कुठे न्यायचा ते तिला खळग्यावरून कळायचं. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी वाडगा बघायची. रिकामा असला की तिचा चेहरा मोकळा व्हायचा. मी दारातून बघत राहायचे. खिडकीबाहेर धुकं, समोरची इमारतही नाहीशी झालेली, तिथल्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू यायची. त्या दिवसांत माझं घर हे असं होतं. अर्धं दिसत होतं, अर्धं नुसतं ऐकू येत होतं, आणि मी वरण-भात करत होते.

अकराव्या दिवशी सकाळी, सेक्टर 34 च्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते तेव्हा फोन वाजला.

“काय करायलीस?” नवरा म्हणाला.

हा त्याचा खास गावचा प्रश्न. लग्नाआधीपासून फोनची सुरुवात अशीच. मी गाडी तशीच वाकडी उभी केली. “काय करायलीस काय? अकरा दिवस! अकरा दिवस झाले, लाज नाही वाटत?” बर्फाने रस्ता आणि लाइन तोडली यात त्याची काय चूक, पण कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं. ओरडता ओरडता मी रडायला लागले. तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, “अजून ओरड. बरं वाटतंय.”

त्या दिवशी मी धड शिकवलं नाही. यकृताच्या जागी मूत्रपिंड काढलं. घरी आल्या आल्या मुलीला सांगितलं, बाबांचा फोन आला होता.

“सच में?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि पुन्हा विचारलं, “सच्ची में आया?”

“अगं हो. संध्याकाळी पाचला तुझ्याशी बोलणारेत.”

आणि पाचला तो बोलला. फोन ठेवून ती थेट लॅपटॉपपाशी गेली. “आई, वो फ़ाइल खोलो तो.” मी उघडली. तिने आकाराच्या ओळीवर बोट ठेवलं. “ये क्या लिखा है? ये तो तुम्हारा वाला फ़ाइव है.”

मी बघितलं. ओळीत ५० होतं. 50 नव्हे, ५०. पत्रासाठी सुरू केलेला मराठी कीबोर्ड तसाच राहिला होता आणि मी जे जे टाकत होते ते मराठी आकड्यांत उमटत होतं. गेमला मराठी कुठून येणार? त्याने तो आकडा शून्य धरला आणि शून्य आकाराचं पिल्लू बनवलं. मी अंकलिपीवर वाढलेली. माझ्या डोळ्यांना दोन्ही पन्नास सारखेच, म्हणून तासभर टक लावूनही मला काही दिसलं नव्हतं. शाळेत तिला हिंदी आहे, पण आकडे तिथेही इंग्रजीच असतात. मराठी आकडे शीक म्हणून मी तिच्यामागे वर्षभर लागले होते, दोनदा रागावून जेवण बंद करायची धमकी दिली होती. ती शिकली नाही, आणि म्हणूनच तिला ते परके दिसले. मी कीबोर्ड बदलला, 50 टाकलं. पिल्लू गालिच्यावर बसलेलं होतं, जणू कुठे गेलंच नव्हतं. मी मुलीला जवळ घेऊन म्हटलं, हुशार गं माझी बाय. तिने नुसता वाडगा भरला.

नवरा मेमध्ये आला. अमलतास, म्हणजे आपला बहावा, पिवळाधमक फुलला होता आणि उन्हाने डोळे दिपत होते. दारात ट्रंक टेकवून त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला तो जुन्याच उंचीवर, आणि तो तिच्या कानाशी लागला. त्याने हात वर नेला. मग हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही. नऊ महिने म्हणजे चार बोटं, हे त्याला तिथे दारातच समजलं.

ती त्याला बूट काढू देईना. ओढत लॅपटॉपपाशी घेऊन गेली. “देखो बाबा, उतना ही है! मैंने बढ़ने ही नहीं दिया.”

त्याने वाकून बघितलं. “अरे, हा आजारी आहे का?” तो मला म्हणाला. “असा कसा राहिला?”

मुलीचं तोंड एवढंसं झालं. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. तू सावकाश वाढव म्हणाला होतास. दर रविवारी केस ओले असताना आम्ही काय करत होतो. बाबांचा वाटा म्हणजे काय. तो पाण्याचा पेला हातात धरून ऐकत होता, प्यायला नाही. मी म्हटलं, “कौतुक कर तिचं. आजारी काय म्हणतोस?” तो तसाच बाहेर गेला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला, आला होता त्याच कपड्यांत.

“बाळा, माझा वाटा ठेवलायस ना? मग आता दे,” तो म्हणाला. “एकदम नको. पन्नासावरून एकेक वर चल. आणि प्रत्येक आकड्याला मला सांग, तेव्हा काय झालं होतं.”

ती दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास खोलीभर. तो आकडा मोठ्याने म्हणत टाइप करायचा, सेव्ह करायचा, गेम उघडायचा, पिल्लू केसभर मोठं झालेलं असायचं, आणि ती सांगायची. एक्कावन्न, तब मेरा दाँत स्कूल बस में गिरा और रुमाल में बाँध के लाई। चोपन्न, आई ने मोहरी जला दी। “मोहरी तिला मराठीत येते बघ,” नवरा माझ्याकडे बघून म्हणाला. अठ्ठावन्न, साइकिल, पीछे वाली गली में, दो बार गिरी। त्रेसष्ट, आई ने शिवण उसवली और खुद ही गुस्सा हो गई। मला वाटलं होतं ती झोपली होती. प्रत्येक आकड्यावर तो थांबायचा, पिल्लाकडे बघायचा आणि मग तिच्याकडे बघायचा, जणू दोघांनाही आत्ताच, त्याच्यासमोर, तेवढं वाढताना बघतोय. कणीक मळायची सोडून मी पिठाच्या हातांनी दारात बसले. एवढ्या मोठ्या आनंदात मी गप्प बसलेली त्याने त्याआधी पाहिली नसावी.

चौऱ्याहत्तरला ती थांबली.

“इस पे ये दिखता नहीं था,” ती म्हणाली. “जब आपका फ़ोन नहीं आता था।”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “तो मराठी आकड्यांचा घोळ. मग हिनेच नंतर शोधून काढला.”

“नंतर नहीं,” ती म्हणाली. “मुझे तो उसी दिन दिख गया था। आई तुम बोलती थी फ़ोन आया, पर नहीं आया था। मुझे पता था।” मग ती बाबांकडे वळली. “ये भी नहीं दिखता था, पर बर्तन तो ख़ाली होता था ना। तो मैंने सोचा जब तक आपका फ़ोन नहीं आता, इसको ऐसे ही रहने देती हूँ। बर्तन रोज़ ख़ाली होता था, बाबा। रोज़।”

अकरा दिवस मी समजत होते की तिला काही कळू न देता मी एकटी ते सगळं सोसतेय. ती शेजारच्या खोलीत बसून स्वतःचं स्वतः सोसत होती, आणि वर मला सांभाळून घेत होती. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात पिठाचे होते.

कूलर घरघरत राहिला.

“आगे चलो ना, बाबा,” ती म्हणाली.

त्याने कीबोर्डवर बोटं ठेवली, पण डोळे भरल्यामुळे त्याला बटणं सापडेनात. पंचाहत्तर मग तिनेच टाइप केलं.